मदत हवी आहे: १:२०० 'एचएमएस हूड' – पितळी नळ्या, डाखकाम आणि पावसाळ्यातलं रंगकाम

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातून लिहितोय. सध्या ट्रम्पेटर कंपनीच्या किटमधून 'एचएमएस हूड' या ब्रिटिश युद्धनौकेचं १:२०० मापाचं मॉडेल करायला घेतलंय. खरी हूड २६२ मीटर लांब होती, म्हणजे या मापात १३१ सेंटिमीटर. आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात ती फक्त माजघरातल्या लांब टेबलावर मावते, आणि घरच्यांनी ते टेबल आनंदाने सोडलंय.

याआधी १:७०० आणि १:३५० ची जहाजं केली आहेत. तिथे जे खपून जातं ते इथे खपत नाही. कठड्याचंच बघा. खरा कठडा साधारण मीटरभर उंचीचा धरला तर १:३५० ला तो तीन मिलिमीटरच्या आत येतो, इथे पाच भरतो. एखादी दांडी वाकली की खोलीच्या दारातून दिसते.

मला २४ मे १९४१ च्या सकाळची हूड करायची आहे, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत जर्मन युद्धनौका बिस्मार्कसमोर गेली तेव्हाची. जहाजावरच्या १,४१८ जणांपैकी त्या दिवशी तिघेच वाचले. इतक्या माणसांनी जीव गमावलेलं जहाज करतोय, तर ते त्या दिवशी होतं तसंच व्हावं असं मनापासून वाटतं. म्हणून प्रश्न जरा बारीक आहेत, सांभाळून घ्या.

आधी तोफा. १५ इंची आठ, चार टरेटमध्ये (तोफांच्या फिरत्या मनोऱ्यांत) दोन-दोन. नळ्या मला पितळेच्याच हव्या आहेत, कारण प्लास्टिकची नळी घासून साफ करताना गोलाई बिघडते आणि या मापात ते लपत नाही. बाहेरून मागवायच्या तर टपालखर्च आणि कस्टम धरून किंमत कुठल्या कुठे जाते. त्यापेक्षा आपल्या उद्यमनगरात लेथची काय कमी आहे? ओळखीच्या एका टर्नरकाकांकडे गेलो. पंपाचे आणि ऑइल इंजिनाचे पार्ट करण्यात त्यांची हयात गेली. फोटो बघून म्हणाले, "नुसता फोटू दावून काय उपयोग? दर पाच मिलीला डाया किती ते लिहून आण, मग बघू की."

त्यांचं बरोबरच आहे. माझ्याकडे आहे ते असं: तोफेची एकूण लांबी ६५०.४ इंच, म्हणजे साडेसोळा मीटर. १:२०० ला ८२.६ मिलिमीटर. तोंडाचं भोक ३८१ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे १.९. पण या लांबीतला बराच भाग टरेटच्या आत जातो. बाहेर नेमका किती राहतो, तोंडाशी बाहेरचा व्यास किती, आणि उतार एकसारखा आहे की टप्प्याटप्प्याने, हे मापांसकट दाखवणारं ड्रॉइंग कुणाकडे आहे का? काका आधी तोंडाचं भोक पाडणार, त्यातच टेलस्टॉकच्या सेंटरचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) आधार देणार आणि मग बाहेरून टेपर घेणार. आधार नसेल तर एवढी बारीक नळी टूलपुढे वाकते, म्हणाले. आठही नळ्या एकाच सेटिंगवर निघाव्यात म्हणून त्यांना सगळी मापं एकदम हवी आहेत.

दुसरा प्रश्न डाखकामाचा. कठडे, शिड्या, रडारची जाळी हे सगळं फोटो-एच पितळेचं, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या पातळ पत्र्याचं. आतापर्यंत सुपरग्लूवर भागवलं, पण पाच मिलिमीटरच्या कठड्याला हात लागला की ग्लूचा सांधा सुटतो. हुपरीला चांदीकाम करणारे एक नातेवाईक आहेत. त्यांनी टाकणखार लावून फुंकणीच्या ज्योतीवर चांदीचा बारीक डाख कसा देतात ते समोर बसवून दाखवलं. दोन तारा जिथे भेटतात तिथे डाखाचा तिळाएवढा तुकडा ठेवला, ज्योत फिरवली, आणि तुकडा चमकून सांध्यात असा शिरला की नंतर बोट फिरवून सांधा लागेना. पण त्या डाखाला सहा-सातशे अंशांच्या पुढे उष्णता लागते. फोटो-एचचं पातळ पितळ त्यात मऊ पडेल, कठडा लुळा होईल. म्हणजे आपल्याला कथलाचा मऊ डाख आणि पातळ फ्लक्स हाच रस्ता. ज्यांनी लांब कठडे असे जोडलेत त्यांनी सांगा: आधीचा सांधा सुटू नये म्हणून शेजारी ओला कापूस ठेवता की दोन वेगळ्या तापमानांचं सोल्डर वापरता? आणि रंगाआधी पितळ साफ कशाने करता? घरात भांड्यांना चिंच चालते, पण जाळीत गर अडकेल म्हणून मी व्हिनेगरचा विचार करतोय.

तिसरा आणि सगळ्यात घाईचा विषय रंग. मृग तोंडावर आला आहे. एकदा इथली झड लागली की लॅकरचा थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल रंगाच्या थरात उतरते आणि करड्या रंगावर पांढुरकी साय धरते. सव्वा मीटरच्या हलवर (जहाजाच्या धडावर) ती साय आली तर सगळं उतरवावं लागेल. आता घाईने मारून घ्यावा की दसऱ्यापर्यंत थांबावं? रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालून कुणी पावसाळ्यात लॅकर मारला आहे का?

छटेचाही घोळ आहे. त्या मे महिन्यात हूडवर मध्यम करडा, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या रंगांपैकी एपी ५०७बी होता असं सर्वसाधारणपणे मानतात. पण ५०७ए आणि ५०७बी यांची छटा एकच होती, फरक फक्त रंगाच्या घडणीत होता, असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. तसं असेल तर बाजारात ५०७बी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या फिकट ठरतात. मापामुळे रंग थोडा उजळ घ्यावा हे मान्य, पण १:२०० ला किती?

शेवटचं, डोलकाठ्यांचे दोर. माझे मामा नौदलात 'आयएनएस मैसूर'वर होते. माझं १:३५० चं जहाज बघून त्यांनी पहिली चूक तिथेच काढली: "दोर तारेसारखा ताठ कुठं असतो रं? वजनानं थोडी झोळ पडतीच." तेव्हापासून मी स्प्रू (किटच्या भागांभोवतीची प्लास्टिकची दांडी) तापवून ओढलेला धागा लावतो आणि पेटती उदबत्ती लांबून फिरवून हवा तेवढाच ताण देतो. नायलॉन पावसात ओल धरून सैल पडतो, म्हणून तो नको. पण स्प्रूचा धागा इतक्या लांबीला टिकेल का? आणि एक लक्षात ठेवून फोटो सुचवा: १९४१ च्या सुरुवातीला रोसाइथला डागडुजी झाली तेव्हा हूडला टाइप २८४ रडार बसलं आणि डोलकाठ्यांवरही बदल झाले. युद्धाआधीचे फोटो स्वच्छ आहेत, पण त्यावरून दोर ओढले तर चुकतील.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोन तापमानांच्या सोल्डरचा सल्ला लगेच करून पाहिला. आधी जास्त तापमानाचं, शेवटच्या सांध्यांना कमी तापमानाचं. पुढच्या डेकचा कठडा न सुटता उभा राहिला. ओल्या कापसापेक्षा हेच सोपं वाटलं.

रंगाबद्दल बहुतेकांचं मत थांबा असंच पडलं, आणि मलाही ते पटलं. हलला आत्ता फक्त प्रायमर मारून ठेवतो. पावसाळ्यात टरेट, होड्या, डायरेक्टर (तोफांचा नेम ठरवणारी यंत्रं) ही लहान कामं एनॅमलने करीन. ते सावकाश वाळतं, त्यामुळे साय धरण्याची भीती कमी. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावायची सूचना केलीत तीही घेतली. सागवानी डेकचे कडेचे भाग दमट हवेत उचलतात का, हे कुणी अनुभवाने सांगितलं तर डेक चिकटवणंही पुढे ढकलतो.

तोफेचं ड्रॉइंग मात्र अजून मिळालेलं नाही. काकांनी साध्या बारवर भोक आणि अंदाजे टेपर घेऊन एक नमुना काढून दिला आहे. भोक मध्यावर आहे, पृष्ठभाग सुंदर आलाय, फक्त माप खरं नाही. तोंडाशी आणि टरेटच्या भिंतीशी, दोन ठिकाणचे बाहेरचे व्यास जरी कुणी खात्रीने दिले तरी काम पुढे सरकेल. कृपया ते कुठल्या आराखड्यावरून घेतलेत तेही लिहा, म्हणजे मला पडताळता येतील.