शंभर खाटांचं रुग्णालय, एकदम चाळीस जखमी: ट्रायाजमध्ये निम्मे लाल निघतात, काय करावं?

घाटाखालचा_एमओ

महामार्गालगतच्या १०० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयासाठी सामूहिक अपघाताचा आराखडा लिहितो आहे. एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, ऑर्थो कॉलवर, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दोन टेबलं, चालू व्हेंटिलेटर एक. ब्लड बँक नाही, फक्त ब्लड स्टोरेज (बाहेरून आलेलं रक्त साठवायची सोय). जिल्हा रुग्णालय दीड तासावर. प्रसंग दोन धरले आहेत: घाटात बस कोसळणं आणि जत्रेतली चेंगराचेंगरी, मांढरदेवीला जानेवारी २००५ मध्ये झाली तशी.

मॉक ड्रिलमध्ये स्टार्ट पद्धतीने (चालणं, श्वास, रक्ताभिसरण आणि सांगितलेलं ऐकणं पाहून) ट्रायाज, म्हणजे जखमींची गंभीरतेनुसार वर्गवारी, केलं की जवळजवळ निम्मी कार्डं लाल निघतात (लाल तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा किरकोळ, काळा मृत किंवा आशा नसलेला). इतके लाल आम्ही हाताळू शकत नाही. निकष सैल करावेत का? दारात ट्रायाजला कोणी उभं राहावं? आणि ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) सरसकट सगळ्यांना द्यावं का? पुस्तकातली व्याख्या नको, आधाराला अभ्यास असतील तर सांगा.

लालपिवळा

स्टार्टमध्ये लाल जास्त निघणारच. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ही पद्धत बसवली गेली ती घटनास्थळी सर्वांत आधी पोचणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या माणसांसाठी. एका जखमीमागे अर्धं मिनिट, आणि चूक झालीच तर वरच्या रंगाकडे व्हावी असा हिशेब. तिथल्याच एका रेल्वे अपघातानंतर १४८ जखमींचे कागद तपासले गेले. जागेवर २२ लाल, ६८ पिवळे, ५८ हिरवे ठरले होते. रुग्णालयात पुढे काय झालं त्यावरून पाहिलं तर खरे लाल निघाले २, पिवळे २६, हिरवे १२०. गरजेपेक्षा वरचा रंग मिळालेले ७९, खालचा मिळालेले फक्त ३.

रोजच्या अपघातात असं जादा ट्रायाज परवडतं, सामूहिक अपघातात परवडत नाही. अमेरिकी सर्जन फ्राइकबर्ग यांनी दहशतवादी स्फोटांच्या घटना एकत्र मांडल्या तेव्हा जादा ट्रायाजचं प्रमाण आणि गंभीर जखमींचा मृत्युदर जवळजवळ एका सरळ रेषेत वाढताना दिसला. का, ते हिर्शबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या संगणकी प्रतिमानावरून कळतं. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरची ताशी क्षमता त्यात ४.६ गंभीर रुग्ण निघाली. जादा ट्रायाज ५० टक्के धरलं की ती ३.८ वर येते, ७५ टक्के धरलं की २.७ वर. तुमच्याकडे तासाला एक-दोन खरे लाल धरा. त्यात मनगट मोडलेला माणूस लाल खाटेवर असेल तर प्लीहा फाटलेला बाहेर ताटकळतो.

निकष सैल करू नका. सैल केलेला निकष प्रत्येक जण आपापल्या मनाने वापरतो. त्यापेक्षा हे करा:

केशिका भरण्याची वेळ (नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ) काढून टाका आणि मनगटाची नाडी घ्या. थंडीत, अंधारात, टॉर्चच्या उजेडात नख दाबून २ सेकंद मोजता येत नाहीत. घाटातल्या रात्रीच्या गार हवेत धडधाकट माणूसही लाल निघेल. सुधारित स्टार्टमध्ये म्हणूनच नाडी आली.

श्वास ३० च्या वर गेला म्हणून मिळालेला लाल तात्पुरता समजा. घाबरलेला, रडणारा माणूस सहज ३२ घेतो. दारात १५ सेकंद पुन्हा मोजा; बाकी सगळं ठीक असेल तर पिवळा करा आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं मापन) लावा.

'सांगितलेलं ऐकतो का' हे हातवाऱ्याने तपासा. स्वतःची मूठ उघडझाप करून दाखवा. जत्रेत कानडी भाविक असतात, बसमध्ये परप्रांतीय मजूर असतात. मराठी कळली नाही म्हणून लाल व्हायला नको.

आणि मुख्य म्हणजे जागेवरचा रंग दारात रद्द धरायचा, तिथे नव्याने ठरवायचा. १०८ ची गाडी पोचण्याआधी जीप-टेम्पोतून पहिले येतात ते चालणारे. तेच कॅज्युअल्टीच्या खाटा अडवतात. हिरव्यांना कॅज्युअल्टीचं दारच दाखवू नका. ओपीडीच्या इमारतीत वेगळ्या फाटकाने घ्या, एक एमओ (वैद्यकीय अधिकारी), एक ड्रेसर. दर अर्ध्या तासाला सगळ्यांना पुन्हा पाहायचं, कारण हिरव्यातला एखादा पोटात रक्तस्राव घेऊन बसलेला असतो.

दारात सर्जन उभे करा. इस्रायलचा अनुभव तेच सांगतो: सर्वांत अनुभवी माणूस दारात, आणि त्याने हातात सुई-दोरा घ्यायचा नाही.

गॅसवाला

लालपिवळा सरांचं बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. इस्रायली रुग्णालयात दारात एक सर्जन उभा राहिला तरी आत बरेच उरतात. इथे एकच आहे. ते दारात अडकले तर पहिलं पोट उघडणार कोण? दारात अनुभवी कॅज्युअल्टी एमओ ठेवा, लाल खोलीत सर्जन. कोण आधी ओटीत जाणार एवढंच पहिली वीस मिनिटं त्यांनी ठरवायचं, मग स्वतः आत जायचं. आत गेल्यावर ऑपरेशन पुरं करायचा मोह नको. रक्तस्राव थांबवा, आतडं बांधून टाका, पॅकिंग करा (गॉज ठासून भरा), पोट तात्पुरतं झाका. तासा-दीड तासात टेबल मोकळं झालं पाहिजे. एकच व्हेंटिलेटर असताना लांबलेली केस म्हणजे पुढच्याला भूल देता येत नाही.

ट्रानेक्झामिक ॲसिड सरसकट नको. क्रॅश-२ चाचणीत (२०१०, वीस हजारांवर रुग्ण, भारतातलेही) एकूण मृत्यू १६.० वरून १४.५ टक्क्यांवर आले, पण पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात दिसलं की दुखापतीला ३ तास उलटून गेल्यावर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. घड्याळ अपघातापासून धरायचं, रुग्ण दारात आल्यापासून नाही. दरीतून वर काढायलाच दोन तास गेले असतील तर तुमच्याकडे एकच तास उरतो. सिस्टोलिक (वरचं बीपी) ९० च्या खाली, नाडी ११० च्या वर, किंवा मोठ्या रक्तस्रावाची दाट शंका असेल तर द्या. ५०० मिलीग्रॅमच्या दोन ॲम्प्यूल १०० मिली सलाइनमध्ये, १० मिनिटांत. घाईत सिरिंजने ढकललं की बीपी पडतं, आणि मग तो रक्तस्रावच समजून अजून पाणी चढवलं जातं. त्यानंतर आणखी दोन ॲम्प्यूल ५०० मिलीत ८ तास; साध्या २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब.

टर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हात-पायावर आवळायचा पट्टा): बाजारातली नसतील तर बीपीचा कफ चालतो. दंडावर २५० पर्यंत फुगवा आणि नळीला आर्टरी फोर्सेप्स लावा, नाहीतर हवा सुटते. मांडीला मोठाच कफ लागतो. तो नसेल तर किमान ४ सेंमी रुंद पट्टी आणि पिळायला काठी. सुतळी, वायर, कमरपट्टा नको. नुसता घट्ट बांधलेला कपडा शीर दाबतो, धमनी चालूच राहते, म्हणजे रक्तस्राव वाढतो. बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांत (२०१३) जागेवर बांधलेली २७ च्या २७ टर्निकेट तिथल्या तिथे बनवलेली होती. म्हणून आलेलं प्रत्येक टर्निकेट आधी तपासा. खालची नाडी लागत असेल तर ते निकामी आहे. जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, सांध्यावर नाही, वेळ कपाळावर मार्करने. दर पंधरा मिनिटांनी सैल करायची जुनी शिकवण विसरा. दर वेळी थोडं थोडं रक्त जातं. दोन तासांच्या आत ओटी किंवा पक्कं पॅकिंग.

घाटाखालचा_एमओ

सर्जनबद्दल पटलं, तसंच लिहितो. चेंगराचेंगरीचं काय? तिथे रक्त दिसतच नाही. आणि लहान मुलं असतील तर?

लालपिवळा

चेंगराचेंगरीत माणूस बहुधा उभ्या उभ्या मरतो. छातीवर दाब येतो, बरगड्या हलत नाहीत, श्वास बंद पडतो. पायदळी येणं नंतरचं. वाचलेल्यांचा चेहरा-मान जांभळी, डोळ्यांच्या पांढऱ्यात रक्त, त्वचेवर बारीक लाल ठिपके. दिसायला भयंकर, पण शुद्धीवर असेल आणि ऑक्सिजनवर सॅच्युरेशन टिकत असेल तर पिवळा. डोकं ३० अंश वर, छातीचा एक एक्स-रे. बेशुद्ध असेल तर लाल, कारण मेंदूला ऑक्सिजन मिळालेला नाही.

मुलांसाठी जम्पस्टार्ट (स्टार्टचंच मुलांसाठीचं रूप) वापरा. श्वास १५ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त असेल तर लाल. श्वास बंद, वायुमार्ग उघडूनही येत नाही, पण नाडी लागते: मोठ्यांच्या पद्धतीत हा काळा. मुलाला मात्र पाच श्वास देऊन पाहायचे, सुरू झाला तर लाल. मुलाचं हृदय बहुधा श्वासाच्या मागून थांबतं, त्यामुळे मधे थोडा वेळ मिळतो. लाल खोलीत लहान मास्कची ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हवीच. बहुतेक किटमध्ये नेमकी तीच नसते.

स्फोटाचा प्रसंग धरला नाहीत, तरी एक ओळ घाला. बंद जागेतला स्फोट उघड्यावरच्यापेक्षा कितीतरी घातक असतो. इस्रायली तुलनेत उघड्यावर ७.८ टक्के मृत्यू होते, बसमध्ये ४९. मुंबईच्या लोकलमधले जुलै २००६ चे स्फोट याच प्रकारातले. कानाचा पडदा शाबूत आहे म्हणून फुप्फुस ठीक असं मानू नका. लक्षणं नसली तरी ४ ते ६ तास सॅच्युरेशनवर नजर ठेवा.

पिशवी_ओ_पॉझिटिव्ह

रक्ताचं कोणी बोललं नाही म्हणून. ओ पॉझिटिव्हच्या किती पिशव्या नेहमी हाताशी ठेवायच्या ते मुख्य ब्लड बँकेशी आधीच लेखी ठरवून घ्या. पुरुषांना आणि वयस्क स्त्रियांना तातडीत ओ पॉझिटिव्ह, मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ओ निगेटिव्ह. बातमी टीव्हीवर आली की रक्तदात्यांची रांग लागते. त्या रक्ताची तपासणी होईपर्यंत तुमचा प्रसंग संपलेला असतो. त्यांची नावं आणि गट लिहून घ्या, पुढच्या आठवड्यात बोलवा.

खरा घात नावांचा होतो. 'अनोळखी पुरुष १', 'अनोळखी पुरुष २' असे नमुने आले की क्रॉसमॅच (रक्ताची जुळवणी) कोणाचा ते कळत नाही आणि चुकीची पिशवी लागते. ५० प्लॅस्टिक पाकिटं आत्ताच भरून ठेवा: छापील क्रमांकाचा मनगटपट्टा, तोच क्रमांक घातलेला केसपेपर, एमएलसी (पोलीस केसचा) फॉर्म, रक्ताच्या नमुन्यासाठी एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) आणि एक प्लेन ट्यूब, दहा स्टिकर. नाव कळलं तरी त्या रात्री क्रमांक बदलायचा नाही. नातेवाइकांचा फळा फाटकाजवळ, कॅज्युअल्टीपासून लांब. तिथे एक समाजसेवा अधीक्षक आणि एक पोलीस. मंत्री आले तर त्यांनाही आधी तिथेच न्यायचं, हे आराखड्यात लिहूनच टाका, त्या वेळी तोंडी सांगायची हिंमत कोणाची होत नाही.

गॅसवाला

पाकिटात काळा मार्करही टाका. टर्निकेटची वेळ लिहायला त्या क्षणी कोणाकडे सापडत नाही.