पाण्यातून उठून धावताना : बडोदेकरांचा अनुभव धागा

रावपुरा_४६
मे महिना लागला की बडोद्याच्या आमच्या ट्रायथलॉनवाल्यांत (पोहणं, सायकल, पळणं एकाच शर्यतीत करणाऱ्यांत) दोन जाती पडतात. सुट्टीला जाऊन खरोखर सुट्टी घेणारे, आणि बायकोच्या साड्यांखाली गॉगल-टोपी सरकवणारे. मी दुसऱ्या जातीचा, आणि इथले बरेच जण माझेच जातभाई आहेत. तेव्हा लिहा. वेळ, नंबर, मेडल नको, ते फोटो आम्ही पाहिलेत. पाण्यातून उठून धावायला लागल्यावरची पहिली पाच मिनिटं सांगा.

सुरुवात मीच करतो. मागच्या ऑगस्टात धाकट्या बहिणीकडे स्टॉकहोमला गेलो होतो. स्विमरन हा प्रकार मूळ तिकडचाच. २००२ साली उतो बेटावर चार मित्रांनी पैज लावली: दोघादोघांच्या जोड्या, बेटांवर पळायचं, मधलं पाणी पोहायचं, सँडहाम्नला मागाहून पोचेल त्या जोडीनं बिल भरायचं. पोचायला एक दिवस पुरला नाही. २००६पासून त्याची रीतसर शर्यत झाली, साधारण ७५ किलोमीटरची. आम्ही उतरलो ती गावातली छोटीशी, एकूण बारा किलोमीटर, पाण्यात सहा वेळा.

ट्रायथलॉनमध्ये निदान बूट घालायला तरी थांबतो. इथे बूट घालूनच पोहायचं आणि अंगाला चिकटणाऱ्या रबरी वेटसूटमध्येच पळायचं. बुटांनी पाय खाली जातात, म्हणून मांड्यांत पूल बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, धरायचा. तो रबरानं मांडीला बांधलेला असतो, पळताना बाहेरच्या अंगाला फिरवून घ्यायचा. मी विसरलो. पहिल्या बेटावर दोनशे मीटर बदकासारखा पळालो. मागून आलेल्या एका आजींनी काही न बोलता माझ्या मांड्यांकडे बोट दाखवलं आणि पुढे निघून गेल्या.

पाणी सोळा अंश. तोंड आत गेलं आणि श्वास छातीतच अडकला. समुद्र म्हणावा तर पाणी जेमतेम खारट, त्यामुळे कोकणात मिळतो तसा तरंगही नाही. मेहुणा पुढे, मी मागे, कमरेला रबरी दोर. "दादा, दोर ताणू नका!" हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा ऐकलं असेल! चौथ्या बेटापर्यंत बोटं इतकी बधिर झाली होती की केळ्याचं साल निघेना, दातांनी सोललं. आईनं फोटो पाहून एवढंच विचारलं, "जावईबापूंना बांधलंय कशाला?"

कारेलीबागची_वहिनी
मी पोहत नाही, पळत नाही, चपला धरते. तरी लिहिते.

आमची कोकण ट्रिप होती. तिथे गेल्यावर कळलं की "सहज" एक स्पर्धा आहे, एक किलोमीटर समुद्रात आणि पाच किलोमीटर वाळूत. सकाळी साडेपाचला दोन मुलं, सासूबाई आणि मी किनाऱ्यावर. हे पाण्यात गेले तेव्हा पाणी आमच्या पायाशी होतं. परत येईपर्यंत ओहोटीनं ते इतकं मागे गेलं की गुडघाभर पाण्यात नुसतं चालणंच चाललं होतं. ती पाच मिनिटं मी काठावरून पाहिली. उठले, डुलले, आमच्याकडे पाहून ओळख नसल्यासारखे हसले आणि झेंड्यांकडे न जाता थेट शहाळेवाल्याकडे धावले. धाकटा ओरडला, "बाबा, तिकडे नाही!" मग कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुतवत निघाले. शेजारी ओली टणक वाळू होती, बाकी सगळे तिच्यावरून पळत होते.

ह्यांची पाच मिनिटं झाली असतील. आमचे अडीच तास गेले, आणि हॉटेलचा फुकट नाश्ताही.

लालबाग_जुनी_बॅच
वहिनी, तुमच्या ह्यांची चूक नाही. अर्धा तास आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांत उतरतं आणि डोकं हलकं होतं. शेवटचे पन्नासेक मीटर पाय जोरात मारत यावं, आणि हात वाळूला टेकेपर्यंत पोहत राहावं. लवकर उभं राहू नये.

आमची खरी अडचण वेगळी. पुण्या-मुंबईचे लोक तलावावर, समुद्रावर सराव करतात. बडोद्यात विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी. २०२४च्या ऑगस्टातल्या पुरात तर त्या लोकांच्या दारापर्यंत आल्या होत्या. आजवा तलावातही त्याच. मी लालबागच्या तरणतलावात शिकलो, एकसष्टाव्या वर्षीही तिथंच जातो. तळाच्या काळ्या पट्टीची चाळीस वर्षांची सवय. पहिल्यांदा समुद्रात उतरलो आणि पट्टीच नाही! आठ हात मारले की मान वर काढून रस्ता दाखवणारा तरंगता बोया शोधायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मच्छीमाराच्या होडीकडे निघालो होतो.

उठून पळण्याचा सराव करायला तलावातून निघून ओल्या अंगानं फाटकाकडे धावलो, तर वॉचमननं अडवलं, "भीना शरीरे क्यां दोडो छो, काका?"

मांजलपूर_हळूहळू
गोव्यात, नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. मेंदी काढायच्या आधी उरकून यायचं ठरलं होतं. तिनशे मीटरवर घाबरले, हात वर केला. कयाकवाला (छोट्या वल्ह्याच्या होडीतला) मुलगा म्हणाला, "धरा, चढू नका." कयाक धरून दम खाता येतो, फक्त तिच्या जोरावर पुढे सरकायचं नाही, हे तेव्हा कळलं. तीनदा धरली. बाहेर आले तेव्हा पाणी देणारे टेबल आवरत होते. पहिली पाच मिनिटं मी चालले, आणि दुसरीही.

रावपुरा_४६
लालबागवाले काका, होडीतून मासे तरी मिळाले का?

लालबाग_जुनी_बॅच
शिव्या मिळाल्या. मालवणीत, त्यामुळे निम्म्याच कळल्या.

कारेलीबागची_वहिनी
ह्यांनी डिसेंबरचं दीवचं बुकिंग केलंय, "फक्त आराम" म्हणून. या वेळी बॅग मी भरणार आहे.