मदत हवी आहे: बेस मुंबई, घर सावंतवाडीला की नागपूरला?

मी विमानात केबिन क्रू, बेस मुंबई, म्हणजे ड्यूटी मुंबईहूनच सुरू होते. अंधेरीचं भाड्याचं घर सोडायचंय. जूनमध्ये मुलीची शाळा सुरू होईल, त्याआधी ठरवायला हवं. सासर सावंतवाडी, माहेर नागपूर. तिला सांभाळणारी माणसं दोन्हीकडे आहेत.

सावंतवाडीहून गोव्याचं मोपा विमानतळ जवळ. पण स्टाफ तिकिटावर (कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर) सीट उरली तरच चढता येतं, आणि गणपतीत, मे महिन्यात बॅग घेऊन काउंटरशी उभं असताना विमान डोळ्यांदेखत निघून जातं. नागपूरहूनही मुंबईला थेट विमानं आहेत. रात्रीची गाडी दोन्हीकडून आहे, पण ती आदल्या दिवशीच धरावी लागते. त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आणखी हळू.

बेस बदलून मागितला, आमच्या कंपनीचा बेस दोन्हीकडे नाही. स्टँडबाय ड्यूटीला, म्हणजे बोलावलं की लगेच निघायचं असतं तेव्हा, मुंबईतच हवं, म्हणून मरोळला मैत्रिणींसोबत एक कॉट घेणार आहे. दर वेळी पूर्ण भाड्याचं तिकीट परवडणार नाही.

बाहेरगावाहून ड्यूटीला येणाऱ्यांनी कृपया सांगा: पावसाळ्यात आदल्या दिवशीच निघावं लागतं का, आणि सुट्टीचे किती दिवस खरोखर घरी मिळतात?