विषय: अलास्का – अपग्रेडची ईमेल आली, बिड करू का?

प्रेषक: प्राजक्ता

सुनीताताई, मिलिंददादा आणि मंडळी,

आपल्या अलास्काच्या क्रूझवर वरच्या वर्गाच्या केबिनसाठी बिड, म्हणजे बोली, मागवणारी ती ईमेल शेवटी आम्हालाही आली. बाल्कनीसाठी माणशी किती देता, ते पट्टी सरकवून सांगायचं आहे. बिडांचा निकाल कधीही लागतो म्हणे, म्हणून आज रात्रीच ठरवायचंय. दोन प्रश्न आहेत. आम्ही केबिनमध्ये चौघं, तर पैसे चौघांचे धरतात का? आणि दुसरा जास्त महत्त्वाचा. आमची नि आई-बाबांची केबिन मधल्या दाराची आहे, पण बुकिंग वेगवेगळं. आमची बिड लागली तर ते दार जाणार का? आईंना गुडघ्याच्या ऑपरेशनपासून रात्री उठताना हात द्यावा लागतो, म्हणून तर ती जोडी घेतली होती. पण त्याच आईंना आठवडाभर बिनखिडकीच्या खोलीत ठेवायचं माझ्या जिवावर आलंय. त्यांना खुर्ची टाकून बाहेर बघत बसता यावं, एवढाच हेतू आहे.

– प्राजक्ता

प्रेषक: मिलिंद

प्राजक्ता, रक्कम माणशी लिहिलेली असली तरी केबिनमधल्या पहिल्या दोघांचीच घेतात, तिसऱ्या-चौथ्याची नाही. म्हणजे दीडशे डॉलर टाकलेस तर कार्डावर तीनशे. क्रूझ कंपन्यांच्या बिडच्या योजना, रॉयल कॅरिबियनचं रॉयलअप घे, नाहीतर नॉर्वेजियनचं अपग्रेड अॅडव्हान्टेज, चाल साधारण हीच. मान्य होईपर्यंत बिड बदलता येते, मागेही घेता येते. एकदा मान्य झाली की पैसे कापले जातात आणि परत मिळत नाहीत. पट्टी हिरवी, म्हणजे बिड लागण्याची शक्यता चांगली, अशी दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस. वरच्या वर्गातल्या केबिन शिल्लक राहिल्या तरच त्या हिरव्याला अर्थ.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. चौघांची केबिन दोघांच्या केबिनइतकी पटकन हलत नाही. एक तर चार बिछान्यांच्या बाल्कन्या थोड्या. शिवाय प्रत्येक मस्टर स्टेशनला (संकटात प्रवाशांनी जमायची जागा) किती माणसं, हे लाइफबोटींच्या क्षमतेवर ठरलेलं असतं. तो आकडा भरला की त्या भागात केबिन रिकामी असली तरी तिसरं-चौथं माणूस घेत नाहीत. मी तुझ्या जागी असतो तर कमीत कमी रक्कम टाकून मोकळा झालो असतो.

प्रेषक: शुभदा

मिलिंद, पहिल्या दोघांचे घेतात हे खरं, पण माझ्यासारखी एकटी असेल तर? तिथेही दोघांचेच लावतात. ईमेलमध्ये माणशी आकडा वाचून स्वस्त वाटतं, आणि शेवटच्या पानावर दुप्पट होतो. हे गेल्या गणपतीत निशाताईंच्या वेळी झालंच होतं, तेव्हाही कोणी आधी सांगितलं नाही. एकट्या बायका मंडळात आता बऱ्याच आहेत. सहल आखताना कोणाला जोडीला खोली हवी आहे का, हे समितीने फॉर्मवरच विचारायला हवं. मी हे सभेतही बोलले होते.

प्रेषक: सुनीता (सहल समिती)

सर्वांना विनंती. ग्रुपमधल्या कोणीही एजंटशी माझं बोलणं होईपर्यंत परस्पर बिड करू नये. सगळ्या केबिन आठव्या डेकवर लिफ्टजवळ मिळाव्यात म्हणून मी जानेवारीपासून मागे लागले आहे. ज्येष्ठांना लांब चालायला नको, हा एकच उद्देश होता.

प्राजक्ता, दार जाणार. बिडमध्ये केबिनचा नंबर निवडता येत नाही. डेक, बाजू, पुढे की मागे, सगळं त्यांच्या हातात. आपली बुकिंगं एकमेकांना जोडलेली आहेत, पण त्याचा उपयोग जेवणाचं टेबल एकत्र मिळण्यापुरता. बिड बघताना शेजार बघत नाहीत. तुमची लागली आणि आई-बाबांची राहिली, तर तुम्ही चार डेक वर आणि ते खाली. दोन्ही लागल्या तरी केबिन शेजारी येतील याची खात्री नाही. आणि लाइफबोटीच्या मागची, अर्धा समुद्र झाकलेली बाल्कनीसुद्धा त्यांच्या यादीत बाल्कनीच असते.

शुभदाताई, फॉर्मचा मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ.

प्रेषक: केदार

सुनीताताई, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहेच, पण "परस्पर बिड करू नये" हे पटलं नाही. बुकिंग ग्रुपमधून असलं तरी पैसे ज्याचे त्याने भरलेत. ईमेल आमच्या नावाने येते, कार्डही आमचं. आम्ही स्वीटसाठी (सगळ्यांत मोठ्या, महागड्या केबिनसाठी) बिड केली आहे आणि ती मागे घेणार नाही. आमच्या लग्नाला दहा वर्षं होताहेत, त्यासाठीच बाजूला ठेवलेले पैसे आहेत.

प्रेषक: सुनीता (सहल समिती)

केदार, स्वीट जरूर घ्या, मनापासून शुभेच्छा. अडचण कार्यक्रमाची आहे. काही जहाजांवर स्वीटवाल्यांची जेवणाची जागा वेगळी असते. पहिल्या रात्री ओळखीचा कार्यक्रम आपण जेवणाच्या टेबलांवरच ठेवलाय, आणि निवेदन तुमच्याकडे आहे. तुम्ही त्या दिवशी मुख्य डायनिंग रूममध्ये जेवणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. तेवढं आज कळवा. शाकाहारी आणि जैन जेवणाची यादी बुकिंग नंबरांप्रमाणे दिली आहे, तीही तपासावी लागेल. स्वीटची रोजची ग्रॅच्युइटी (कर्मचाऱ्यांची टिप) साध्या केबिनपेक्षा जास्त असते, तेही हिशेबात धरा.

प्रेषक: अविनाश

स.न.वि.वि.

चर्चा बाल्कनीची चालली आहे, पण बोट लागण्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. जहाज सर्वांत कमी हलते ते मध्यभागी आणि खालच्या डेकवर. पुढच्या टोकाला नाकाड वरखाली होते, वरच्या डेकवर डोलणे जास्त जाणवते. अपग्रेड म्हणजे बहुधा वरचा डेक, आणि जागा कुठली ते आपल्या हातात नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी आठव्या डेकवरची मधली केबिन सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

सिॲटलहून निघणारी मोठी जहाजे बहुधा व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकूव्हर शहरातून निघालेली जहाजे बेटाच्या पूर्वेकडून, दोन्ही बाजूंना जमीन ठेवून, सीमूर नॅरोजच्या चिंचोळ्या वाटेने जातात. त्या वाटेत रिपल रॉक नावाचा खडक पाण्याखाली होता. अनेक जहाजे त्याने बुडवली. शेवटी 5 एप्रिल 1958 रोजी खालून बोगदा खणून तो स्फोटाने उडवला. आपण सिॲटलहून निघतो, त्यामुळे आपल्या वाट्याला तो शांत मार्ग नाही. पहिली आणि शेवटची रात्र हलण्याची शक्यता धरूनच चालावे. मेक्लिझिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आणाव्यात, आणि आलेपाक सोबत ठेवावा.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला आपण केवळ हौसेने थांबत नाही, हेही सांगतो. 1886 च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशी ध्वजाच्या जहाजाला सिॲटलहून निघून सिॲटललाच परत यायचे तर मध्ये परदेशी बंदर घ्यावेच लागते. 2021 साली कॅनडाची बंदरे बंद होती, तेव्हा अलास्काच्या फेऱ्यांसाठी अमेरिकन काँग्रेसला स्वतंत्र तात्पुरता कायदा करावा लागला.

आपला,
अविनाश

प्रेषक: गौरी

अविनाशकाका, व्हिक्टोरिया म्हणालात म्हणून विचारते. माझे आई-बाबा पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेत. ते व्हिक्टोरियाला उतरणारच नाहीत. तरी कॅनडाचा व्हिसा लागेल?

प्रेषक: सुनीता (सहल समिती)

गौरी, भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवं. "उतरणार नाही" म्हणून चालत नाही, कागद सिॲटलला चढतानाच बघतात. मी हे पहिल्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. अर्ज केला नसेल तर मला आत्ता फोन कर, ईमेल नको.

प्रेषक: वैशाली

मी जरा मूळ प्रश्नावर येते. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्यामुळे हे अनुभवाने सांगते.

प्राजक्ता, तू आईंसाठी बाल्कनी बघतेयस, पण बाल्कनीच्या दाराला बऱ्याच जहाजांवर उंच उंबरठा असतो. वॉकर घेऊन तो ओलांडायला दर वेळी कोणीतरी लागतं. दारही जड, वारा असला की हाताला ओढतं. आणि तू वर, आई खाली असं झालं, तर त्या बाल्कनीत बसायला त्यांना रोज लिफ्टची गर्दी पार करून यावं लागेल. रात्री काय करायचं हा प्रश्न उरतोच.

ग्लेशियर बे, म्हणजे अलास्कातल्या हिमनद्यांच्या नॅशनल पार्कसाठी, बाल्कनी हवी असेल, तर तिथे सीझनमध्ये दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबवून सावकाश फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतं. पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. आम्ही सासूबाईंना वरच्या काचेच्या लाउंजमध्ये सकाळीच खुर्ची धरून बसवलं, गुडघ्यांवर शाल, हातात चहा. अख्खी दुपार त्या तिथून हलल्या नाहीत. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो तो आवाज काचेतूनही येतो.

शिवाय जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो नि पहाटे चारला पुन्हा उजाडतं. लहान मुलांना झोपवायला अंधारी इनसाइड केबिनच बरी पडते.

तरीही बाल्कनीच हवी असेल, तर बिडचा नाद सोड. एजंटला सांग, आजच्या दराने फरक भरून दोन्ही बुकिंगं हलवायची आहेत, मधल्या दाराच्या बाल्कनीच्या जोड्या कुठे रिकाम्या आहेत ते नंबरांसकट सांगा. पूर्ण पैसे भरून झाल्यावरही हे करता येतं. बिडपेक्षा महाग पडेल, पण केबिन डोळ्यांनी नकाशावर बघून घेशील. उंबरठ्याचंही तेव्हाच विचार.

प्रेषक: मिलिंद

वैशालीताई, मुद्दा मान्य. तरी आजच्या दरातला फरक सीझनमध्ये माणशी पाचशेच्या वरही जाऊ शकतो, आणि तो दोन्ही केबिनना. बिड कमीत कमी रकमेची टाकली तर जातंय काय?

प्रेषक: वैशाली

मिलिंद, दार जातंय. कमीत कमी रकमेची बिडसुद्धा लागू शकते, आणि लागली की "नको" म्हणता येत नाही, हे तूच वर लिहिलंयस. ज्यांच्या केबिनला काही बांधिलकी नाही त्यांनी खुशाल टाकावी. ज्यांच्याबरोबर आजारी किंवा वयस्कर माणूस आहे त्यांनी टाकूच नये.

प्रेषक: प्राजक्ता

मंडळी, एजंटशी तासभर बोलले. बाल्कनीची मधल्या दाराची एकच जोडी शिल्लक आहे, नवव्या डेकवर, मागच्या बाजूला. लिफ्टपासून लांब. अविनाशकाकांनी लिहिलेलं वाचल्यावर आणि वैशालीताईंचा उंबरठा ऐकल्यावर ती सोडली. त्यांनी आणखी एक सुचवलं, ते आम्ही घेतलं: आठव्याच डेकवर, लिफ्टच्या पलीकडे, खिडकीच्या दोन केबिन, मधल्या दारासकट. आईंच्या पलंगावरून खिडकी दिसते, नकाशावर बघून घेतलं. फरक बाल्कनीच्या निम्म्याहून कमी आला. दोन्ही बुकिंगांवर नवे नंबर आले आहेत आणि बिड मी टाकलेली नाही. सुनीताताई, नवे नंबर तुम्हाला वेगळे पाठवते. मुलं समोरच्या पडद्याआड झोपतील, तो प्रश्न आमचा आम्ही बघू.

वैशालीताई, लाउंजमध्ये खुर्ची किती वाजता धरली होती?

प्रेषक: वैशाली

सहाला. नाश्ता एकाने खाली जाऊन आणायचा, दुसऱ्याने जागा सोडायची नाही.

प्रेषक: सुनीता (सहल समिती)

प्राजक्ता, नंबर मिळाले, टेबल तेच राहील. केदार, निवेदनाचं उत्तर अजून आलेलं नाही. शुभदाताई, कॅनडातून येणाऱ्या एक ताई जोडीला खोली शोधत आहेत, तुमचा फोन नंबर त्यांना देऊ का? गौरी, फोन उचल.