सीईटीचं गणित: 'अकरावी सोडा, ऑप्शनमध्ये किमती घाला' म्हणणाऱ्यांसाठी

कंपासपेटी
पालकांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. मथितार्थ असा: एमएचटी-सीईटीला चाळीस दिवस उरले असतील तर गणितात अकरावीला हात लावू नका, नुसते मागचे पेपर फोडा आणि गणित सोडवत बसण्याऐवजी ऑप्शनमध्ये किमती घालून उत्तर काढा. वाचून डोकं उठलं. ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं. त्यातले दहाएक प्रश्न अकरावीचे. म्हणजे पेपर उघडण्याआधीच २० गुणांवर पाणी! बरं, ती अकरावी तरी किती? सरळ रेषा, वर्तुळ, त्रिकोणमिती, लिमिट, संभाव्यता वगैरे निवडक धडे. सरळ रेषा कच्ची असली की बारावीचं 'पेअर ऑफ लाइन्स' अडतं, त्रिकोणमिती कच्ची असली की इंटिग्रेशन. चाळीसपैकी आठ दिवस तिथे घातले तर दोन्हीकडे वसूल होतात.

दोन_गुणी
अकरावीचं मान्य. पण किमती घालण्याला नावं कशाला ठेवता? एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात आणि स्टेप्सना मार्क नाहीत. (१ + कॉस २थीटा) भागिले साइन २थीटा म्हणजे काय, हे सूत्रं आठवत सिद्ध करत बसायचं? थीटा ३०° घ्या. वर दीड, खाली रूट ३ भागिले २, उत्तर रूट ३. ऑप्शनमध्ये कॉट ३०° तेवढंच येतं. संपलं. बोर्डाच्या पेपरची सवय सीईटीत घेऊन गेलात की पंधरा प्रश्न राहिलेच म्हणून समजा.

रफशीट
३०° घेतलेत म्हणून वाचलात. घाईतली मुलं 'सोपं पडतं' म्हणून ४५° घालतात. याच गणितात घालून बघा: उत्तर १, आणि ऑप्शनमधले टॅन, कॉट दोन्ही १. मग नाणेफेक. पेपर काढणाऱ्यालाही ४५° ठाऊक असतो हो!

दोन_गुणी
४५° घाला असं मी कुठे म्हटलं? दोन ऑप्शन जुळले तर दुसरी किंमत घालायची, एवढं कळायला क्लास लावावा लागत नाही. इंटिग्रेशनलाही हेच: ऑप्शनचं डेरिव्हेटिव्ह काढा, प्रश्न परत आला की टिक.

रफशीट
हा सल्ला तर घातकच आहे. चार ऑप्शनची चार डेरिव्हेटिव्ह म्हणजे तीन मिनिटं गेली. ई घात एक्स गुणिले (१ + एक्स), भागिले (एक्स गुणिले ई घात एक्स) या कोनाच्या कॉसचा वर्ग. नीट बघितलं तर अंशात आतल्या कोनाचंच डेरिव्हेटिव्ह बसलंय. तो कोन टी धरा, उरतं सेक वर्ग टी, उत्तर त्याच कोनाचा टॅन. वीस सेकंद! पण हे दिसायला हाताखालून पाऊणशे इंटिग्रल जावी लागतात. युक्ती पाठ करून नजर येत नाही.

सेमीवाला
मूळ दुखणं कोणी बोलणार आहे का? फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट' यांच्या घोळात किती मुलं बुडतात! पाच नाणी, निदान एक छापा: ३१/३२. जास्तीत जास्त एक छापा: ३/१६. दोन्ही उत्तरं ऑप्शनमध्ये मांडून ठेवलेली असतात.

कंपासपेटी
रास्त तक्रार, धागा वेगळा. तोवर उपाय एकच: वाचतानाच कच्च्या कागदावर ≥ किंवा ≤ चं चिन्ह काढायचं, मग आकडेमोड.

आकडेमोड
नजर आणि युक्ती दोन्ही राहू द्या. जेईई करून आलेली हुशार पोरं सीईटीत प्रश्न कोरे सोडतात, त्याचं काय करायचं? तिथे चुकलं की गुण कापतात, म्हणून हात आखडलेला. इथे निगेटिव्ह मार्किंग नाहीच. बारा प्रश्न डोळे मिटून भरले तरी सरासरी तीन बरोबर, म्हणजे ६ गुण. दोन-दोन ऑप्शन खोडता आले तर १२. शेवटची तीन मिनिटं त्यासाठीच ठेवा.

आणि घरचे मॉक. संध्याकाळी ताज्या डोक्याने नुसतं गणित सोडवायचं आणि ८४ पडले म्हणून नाचायचं. प्रत्यक्षात आधी फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत उरकून मग गणित येतं. तिकडे वाचलेला वेळ इकडे मिळत नाही. तीन तास सलग बसा, मग आकडा सांगा.

दोन_गुणी
हे बरोबर. मॉकनंतर चुका तपासायच्या तर तीन ढीग करा: येत नव्हतं, येत होतं पण वेळ संपला, येत होतं आणि चिन्ह चुकलं. तिसरा ढीग किमती घालूनच कमी होतो, रफशीटसाहेबांना रुचो न रुचो.

रफशीट
चिन्हांपुरतं मान्य, घ्या, पेढे वाटा. क्रॉस प्रॉडक्टमध्ये मधल्या जे चं चिन्ह हमखास उलटं पडतं. (१, २, ३) आणि (२, −१, १) चं उत्तर (५, ५, −५), मुलं लिहितात (५, −५, −५), आणि तेही ऑप्शनमध्ये असतं. पहिल्या व्हेक्टरशी डॉट घ्या: बरोबर उत्तराचा शून्य येतो, चुकीच्याचा −२०. पण याला पडताळा म्हणतात. आधी सोडवावं लागतं.

दोन_गुणी
आधी कशाला? चारही ऑप्शनचे डॉट घ्या, दोन्ही व्हेक्टरशी शून्य येईल तो उचला. क्रॉस प्रॉडक्ट काढायचंच नाही.

रफशीट
आणि ऑप्शनमध्ये (५, ५, −५) सोबत (−५, −५, ५) पण असेल तर? दोघांचेही डॉट शून्यच.

कंपासपेटी
दोन_गुणी, आहात का? गेले वाटतं किंमत घालायला.