अंगणातली विटांची पिझ्झा भट्टी: बांधलीत? अनुभव सांगा

धागाकर्ता, सासवड
दोन वर्षं व्हिडिओ बघून झाले, आता विटा आणायच्या आहेत. आतून 36 इंच व्यास, अर्धगोल घुमट, लाकडावर चालणारी. बांधकामातलं माझं ज्ञान म्हणजे कुंडीखाली दोन विटा ठेवणं, एवढंच. ज्यांनी बांधली आहे किंवा बांधून पाडली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. फोटो नंतर टाका, आधी काय फसलं ते सांगा.

अर्धवट गवंडी, नाशिक
मी बांधून पाडणाऱ्यातला. पहिल्या वेळी सगळं डोकं घुमटात घातलं. दीडशेच्या आसपास फायरब्रिक (जाळ सोसणाऱ्या विटा) लागल्या, त्यातल्या घुमटाच्या सगळ्या अर्ध्या कापलेल्या. कटरच्या धुळीने आठवडाभर शेंबूड लाल. घुमट मात्र देखणा झाला. तळ मी सरळ आरसीसी स्लॅबवर विटा मांडून केला होता. अडीच तास बाभूळ जाळली तरी तळ दोनशे अंशांच्या वर जाईना. स्लॅबखाली वाकून हात लावला तर वर घातलेली सगळी ऊब तिथे येऊन बसलेली. पिझ्झा वरून कोळसा, खालून कच्ची कणीक. पाहुण्यांनी वरचं चीज खरवडून खाल्लं, कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तळ उकरायचा म्हणजे घुमट जातोच. दुसऱ्या वेळी स्लॅबवर आधी 4 इंच व्हर्मिक्युलाइटचा (ऊब अडवणारं हलकं, फुगवलेलं खनिज) थर दिला, पाच भाग व्हर्मिक्युलाइटला एक सिमेंट. हाताला भिजलेल्या पोह्यांसारखा लागतो, घट्ट होईल असं वाटत नाही, पण होतो. त्यावर चाळलेल्या वाळूचा पातळ थर आणि फायरब्रिक कोरड्याच, मसाला न लावता. एखादी तडकली तर उचकटून बदलता येते. घुमटावर सिरॅमिक ब्लँकेटचे (ऊब अडवणारी तंतूंची जाड चादर) एकेक इंचाचे दोन थर, वर कोंबडीजाळी आणि गिलावा. ब्लँकेट कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, त्याचे तंतू छातीत जायला नकोत. आता सव्वा तासात भट्टी तयार होते. नेपल्सवाले तळ 380 ते 430 अंशांवर ठेवून 60 ते 90 सेकंदांत पिझ्झा काढतात. माझा दोन मिनिटं घेतो. चालतं आम्हाला.

सूनबाई, सातारा
आमच्याकडे भांडण मसाल्यावरून झालं. मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, एकास चार सिमेंट घालू, शंभर वर्षं हलायचं नाही." घराच्या भिंतीला खरंच हललं नसतं. पण साधं सिमेंट चारशे-पाचशे अंशांत पुन्हापुन्हा तापलं की त्याची पकड सुटते, भुगा होतो आणि तो पिझ्झ्यावर पडतो. काकांना पटेना. शेवटी सिमेंटच्या जुन्या तुकड्याला त्यांच्याच समोर तासभर चुलीत ठेवलं आणि हातोडीने टिचकी मारली. मग गप्प. तीन भाग बारीक वाळू आणि चुना, फायरक्ले (जाळ सोसणारी माती), सिमेंट प्रत्येकी एक भाग, असा माल केला. आतल्या बाजूने सांधा जितका बारीक तितका बरा.

पण गोलाई राखण्याची युक्ती काकांचीच. तळाच्या मध्यावर फळीला बिजागरी ठोकली, तिला 18 इंचांचा गज, टोकाला छोटा अँगल. प्रत्येक वीट त्या अँगलला टेकवून बसवायची. ओळंबा लागलाच नाही.

दाराची उंची घुमटाच्या उंचीच्या 63 टक्के ठेवतात, म्हणजे 18 इंचांना साधारण सव्वाअकरा. त्याहून मोठं केलं तर ऊब निघून जाते, फार लहान केलं तर धूर कोंडतो. सासूबाईंना हंडा आत जाईल एवढं दार हवं होतं. अजून अधूनमधून ऐकवतात.

चिरेबंदी, गुहागर
चौथरा चिऱ्याचा, झकास. एप्रिलात बांधली, मे महिन्यात आंबे आणि पिझ्झे दोन्ही झाले. जूनमध्ये वर ताडपत्री बांधून मोकळा झालो. आमच्या पावसाला ताडपत्री म्हणजे छत्रीने धबधबा अडवणं. दिवाळीला मुंबईची मंडळी आली, मी उत्साहात पहिल्याच दिवशी ढणढण जाळ केला. अर्ध्या तासात फाट् असा आवाज आणि गिलाव्याची बशीएवढी खपली अंगणात. विटांत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या साधारण सतराशेपट जागा मागते. वाट मिळाली नाही तर स्वतःच करते.

आता पत्र्याची शेड आहे. दसऱ्यानंतर आठवडाभर रोज काटक्यांचा बारीक जाळ: पहिल्या दिवशी दीडशे अंश, मग रोज पन्नास वाढवायचे. नव्या भट्टीलाही हेच. शेजारी विचारतात, "रोज पेटवतोस, मग जेवण कुठंय?"

काळ्या रानातला, परभणी
एवढा खर्च झेपणार नसेल तर आधी मातीची करून बघा. फक्त शेतातली काळी माती घेऊ नका. मी घेतली होती. ओली असताना लोण्यासारखी, वाळल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा. कुंभाराकडून माती आणली, तिच्या दुप्पट-तिप्पट वाळू, थोडा भुस्सा, पायाने तुडवून मळली. ओल्या वाळूचा ढीग घुमटाच्या आकारात थापला, वर भिजवलेले पेपर, त्यावर चार बोटं जाड माती. दार कापून आतली वाळू हाताने ओढून काढली. दोन उन्हाळे टिकली. विटांच्या भट्टीचा पाया काळ्या रानात घालायचा तर मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर पावसाळ्यात चौथरा फुगतो, उन्हाळ्यात बसतो.

गारठलेला, न्यू जर्सी
इथे अडचण थंडीची. जमीन गोठते त्या खोलीच्या खाली पाया न्यावा लागतो. टाउनशिपला आधी विचारा, मी नंतर विचारलं.

म्हापसेकर
पिझ्झा अर्ध्या तासात संपतो, भट्टी संपत नाही. आमच्या वाड्यावरच्या पोदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे, बघून शिकलो: निखारे ओढून काढायचे, लांब काठीच्या ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि उतरत्या उबेवर पाव. मी रात्री दार लावून ठेवतो, सकाळी आत 180 अंश असतात. पाव निघाल्यावर रताळी, मग शेंगदाणे.

धागाकर्ता
व्हर्मिक्युलाइट नर्सरीत मिळालं, पोती ओसरीत आली. घुमट पुढच्या हिवाळ्यावर ढकलला, आधी परभणीकरांची मातीची. एकच शंका: कुंपणाची कण्हेर छाटली आहे, वाळलेली आहे, चालेल का?

अर्धवट गवंडी
अजिबात नाही! कण्हेर विषारी, तिच्या धुरावर काही भाजू नका. रंगवलेलं लाकूड आणि प्लायही नको. बाभूळ किंवा आंबा, वर्षभर वाळलेला. आणि ती पोती ओसरीत ठेवू नका, पावसाची झड येते.