सवाईला आईला घेऊन जायचंय, एकच दिवस जमणारे, कुठला धरू?

सवाईची, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची, कलाकारांची यादी आल्यापासून ऑफिसच्या ग्रुपवर तेवढंच चाललंय. मी मूळची वीकेंडर या बँडवाल्या फेस्टिव्हलची, स्टेजसमोर उभं राहून एका संध्याकाळी चार बँड ऐकायची सवय, पण आई रेडिओवर शास्त्रीय ऐकत मोठी झालीय आणि तिला एकदा तरी सवाईला न्यायचंच आहे. पाचही दिवस सुट्टी मिळणं शक्य नाही, एकच दिवस पण नीट ऐकायचाय. सगळे म्हणतायत मोठ्या नावाचा दिवस धर आणि सातनंतर जा, आधी कोणी नसतं. खरंच तसं आहे का? आईचे गुडघे दुखतात, तर भारतीय बैठक घेऊ की खुर्ची? कोथरूडहून येणार आहोत.

बागेश्री_रात्र
सातनंतर अजिबात जाऊ नका, आईंना घेऊन जाताय तर पहिल्या कलाकारापासून बसा. कारण सांगतो. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर सवाई रात्रभर चालायचा तेव्हा दरबारी, मालकंस हे राग ऐन मध्यरात्री आणि ललत, तोडी उजाडताना ऐकायला मिळायचे. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट, आणि सवाईत ती बहुतेक वेळा शनिवारी वापरतात. त्यामुळे पहाटेचे राग गेलेच, पण सत्र दुपारी सुरू होत असल्यामुळे भीमपलास, पटदीप, मुलतानी हे त्यांच्या खऱ्या वेळेला मिळतात. एरवी पुण्यातल्या बहुतेक मैफली संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होतात, मग मुलतानी ऐकणार कधी? आणि ही दुपारची जागा बऱ्याचदा तरुण कलाकाराकडे असते, सवाईच्या स्टेजवर पहिल्यांदा बसलेला माणूस जीव ओतून गातो हो, आणि तेव्हा मंडपात निम्म्या जागा रिकाम्या असतात याचं मला फार वाईट वाटतं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्या वेळेला मारवा किंवा पूरिया धनाश्री लागला तर मग बघायलाच नको.
म्हणून यादीत नाव शोधायच्या आधी कोण किती वाजता आहे ते बघा. शनिवार मिळाला तर उत्तम, दुपार पण मिळते आणि उशिराची रात्र पण.

शनिवारपेठी
वरच्यांशी सहमत पण मी शेवटचा दिवस सांगेन. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला आणि सांगता त्यांच्याच किराणा घराण्याच्या गाण्याने व्हायची पद्धत आहे, कितीतरी वर्षं प्रभाताई अत्रे गायच्या. त्यानंतर खुद्द सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी रेकॉर्ड लावतात. ती लागायच्या आधी पार्किंगमधून गाडी काढायला पळणारे खूप असतात, तुम्ही पळू नका. आईंच्या पिढीला ते ऐकून काय वाटेल ते तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसेल.

मुकुंदनगर_शेजारी
खुर्चीच घ्या, गुडघ्यांचा प्रश्न असेल तर दुसरा विचारच नको. बैठक स्वस्त पडते आणि मजा तिथेच जास्त, शेजारचे काका मांडीवर ताल धरून बसलेले असतात आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, सगळी रांग एकदम मान हलवते, पण सहा-सात तास खाली बसणं सोपं नाही. दिवसाचं वेगळं तिकीट मिळतं, सीझन पास घ्यायची गरज नाही. गाडी आणू नका, वनाजहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून स्वारगेट, पुढे मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलापर्यंत रिक्षा, महोत्सव आता तिथे असतो. परतीची शेवटची मेट्रो किती वाजता ते बघून ठेवा, शनिवारी तर नक्की. शाल आणि कानटोपी घ्याच, दुपारी मंडपात घाम येतो आणि नऊनंतर तिथल्या मैदानावर चांगलीच थंडी पडते. खायला बाहेर स्टॉल असतात, पण मध्यंतरी कलाकार बदलताना सगळे एकदम उठतात, रांग मोठी होते, आईंसाठी डबा असलेला बरा. आणि ख्याल, म्हणजे रागाचं मुख्य गाणं, चालू असताना उठू नका, मागच्यांना फार त्रास होतो.

प्रश्नकर्ती
शनिवार ठरला! आईला सांगितलं तर तिने कानटोपी आत्ताच काढून ठेवलीय. एक विचारते, दोन कलाकारांच्या मध्ये तो जो वेळ जातो त्यात करायचं काय?

बागेश्री_रात्र
जागेवर बसून राहा, स्क्रीनवर दिसतंच सगळं. तबलजी हातोडीने तबला स्वरात आणत असतो आणि मागे दोन तानपुरे जुळत असतात, त्यांची पहिली तार ऐका. साधारणपणे ती पंचमाला (प) असते. मध्यमाला (म) लागली तर रात्री मालकंस, बागेश्री असं काहीतरी येऊ शकतं, आणि संध्याकाळी निषादाला (नी) किंवा धैवताला (ध) लागली तर मारवा, पूरिया यांची आशा धरायची, कारण त्या रागांत पंचम नाहीच. आईंना विचारा, त्या ओळखतील बहुतेक. आणि कलाकार स्वतः तानपुरा हातात घेऊन शेवटचं जुळवतो ना, ते चुकवू नका, तिथे कधीकधी पाच-पाच मिनिटं जातात आणि ती देण्यासारखी असतात.